चाहुलीला न कळलेला पास

२०४१ सालच्या मोसमात कोल्हापुरात गोल होईनासे झाले. ज्या गावात फुटबॉलच्या सामन्यापायी लग्नाचा मुहूर्त मागंपुढं करतात, सख्खे भाऊ वेगवेगळ्या तालमींच्या संघांचे म्हणून आठ-आठ दिवस एकमेकांशी बोलत नाहीत, त्या गावात ओळीनं अकरा सामने शून्य-शून्य सुटले. लोक कठड्यावर बसून शेंगा खायचे, टरफलं तिथंच टाकायचे आणि सामना संपायच्या आत घरची वाट धरायचे.

यात पोरापोरींचा दोष नव्हता. करामत होती ‘चाहूल’ नावाच्या यंत्राची.

चाहूल म्हणजे मैदानाभोवती खांबांवर लावलेले बारा कॅमेरे. माणूस एखादी हालचाल करतो त्याच्या आधी त्याचं अंग तिची तयारी करतं. चेंडू घेऊन पळायचं असेल तर टाच उचलली जाते आणि भार चवड्यावर येतो. पास द्यायचा असेल तर एक पाय चेंडूशेजारी घट्ट रोवला जातो, खांदा उघडतो. ही तयारी आपल्या डोळ्यांना दिसत नाही, कारण ती चेंडू हलण्याआधी अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळात उरकते. चाहूल मात्र सेकंदात चारशे वेळा घोटा, गुडघा आणि कंबर मोजायची, आणि बचाव करणाऱ्यांच्या मनगटावरच्या पट्टीला खबर द्यायची. पट्टी एकदा थरथरली तर समोरची पळणार, दोनदा थरथरली तर पास देणार. चोरानं घरात शिरण्याआधी पोलिसाला फोन करून कळवावं, तसला हा खेळ झाला होता. नियमात बसत होतं, म्हणून एकेक करत सगळ्या कॉलेजांनी चाहूल बसवून घेतली.

या सगळ्यात जिचं सर्वांत जास्त नुकसान झालं ती राजनंदिनी साळोखे. कात्यायनी कॉलेजच्या मुलींच्या संघात मधल्या फळीत खेळणारी, शेवटच्या वर्षाची नंदू. चेंडू पायात आला की तो घेऊन पळत सुटायचं, हेच तिला येत होतं आणि हेच आवडत होतं. आणि तिच्यापुढं, गोलाच्या तोंडाशी खेळायची ती अल्फिया मुजावर, म्हणजे अल्फी. तिसरीच्या वर्गापासून दोघी एका बाकावर बसलेल्या. मधल्या सुट्टीत मुलांच्यात घुसून फुटबॉल खेळल्याबद्दल दोघींनी छड्याही एकत्रच खाल्लेल्या.

पण गेल्या वर्षीच्या उपांत्य सामन्यापासून दोघींच्यात काहीतरी आंबलं होतं. शेवटच्या मिनिटाला चेंडू नंदूकडं होता. अल्फी डावीकडून मोकळी निघाली होती, समोर एकटी गोलकीपर. पास दिला असता तर आंधळ्यालाही गोल करता आला असता. पण कठड्यावर नंदूची अख्खी पेठ उभी होती, आणि पेठेला पासात कसली मजा? पेठ ओरडत होती, “पळव, नंदे, पळव!” आता हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. जिचं नाव कठडा घेतोय ती कोल्हापूरची पोर त्या क्षणी चेंडू दुसरीला देऊच शकत नाही. नंदूनं पळवला. तिघींनी मिळून तिला आडवी केली, सामना गेला, आणि अल्फी मोकळ्या जागेत हात वर करून तशीच उभी राहिली.

त्यावर दोघी कधी बोलल्या नाहीत. न बोलण्यानंच घोटाळा वाढतो, पण हे शहाणपण बाविसाव्या वर्षी कुणाला असतं?

संघाचे कोच आप्पा इंगवले. स्वतः तीस वर्षं तालमीकडून खेळलेले. त्यांना यंत्रांचा मनापासून राग, पण शून्य-शून्यचा त्याहून जास्त. शेवटी ते संख्याशास्त्राच्या चिंचणीकर सरांकडं गेले. चिंचणीकरांनी उभ्या आयुष्यात चेंडूला पाय लावला नव्हता, मात्र गणिताला कुठलंही मैदान वर्ज्य नसतं असा त्यांचा ठाम विश्वास होता.

सरांनी नंदूला फळ्यासमोर उभं केलं. “दहाच्या दहा वेळा तू पळालीस तर काय होईल?”

“गोल होईल की.”

“सातव्या वेळी तुझ्यावर तिघी असतील. आणि दहाही वेळा पास दिलास तर त्या पासाच्या वाटेत उभ्या राहतील. म्हणजे प्रत्येक पळण्यानं पुढचा पास थोडा सोपा होतो, आणि प्रत्येक पासानं पुढचं पळणं. कुठंतरी असा तोल असतो की समोरचीनं काहीही ओळखायचा प्रयत्न केला तरी तिचा फायदा होत नाही.”

“म्हंजे निम्मं-निम्मं?”

“नाही. तुझं पळणं जबरदस्त, म्हणून सगळ्या त्यालाच टपलेल्या. माझ्या हिशेबानं अठ्ठावन्न पास, बेचाळीस पळणं.”

आप्पा मागून म्हणाले, “आमटीतली चिंच आनि गूळच म्हना की सर.”

“अगदी. फक्त पुढच्या घासाला काय लागेल ते खाणाऱ्याला कळता कामा नये. आणि घोडं इथंच पेंड खातं.” सरांनी नंदूला कागदावर मनाला येईल तसं पन्नास वेळा ‘पळ’ किंवा ‘पास’ लिहायला सांगितलं आणि प्रत्येक वेळी ती पुढं काय लिहिणार ते आधीच ओळखत गेले. पन्नासात छत्तीस बरोबर! दोनदा पास लिहिला की नंदूचा हात आपसूक पळण्याकडं वळत होता. माणसाच्या मनाला सवयीशिवाय चालताच येत नाही, असं सर म्हणाले, तेव्हा नंदूला चोरी पकडल्यासारखं झालं.

म्हणून सरांनी ‘तराजू’ नावाची एक पेटी बनवली. प्रत्येकीच्या कानात तिला जोडलेलं मुगाएवढं यंत्र बसवायचं. चेंडू पायाला लागला रे लागला की त्यातून आवाज येणार. जाड आवाज आला तर पळायचं, बारीक आला तर पास. कुठला आवाज कधी, हे कुणीच ठरवायचं नाही. तराजूच्या आतल्या विजेच्या बारीकशा खळबळीतून ते निघायचं, शंभरात अठ्ठावन्न-बेचाळीस सांभाळून. खेळणारीलाच आधी ठाऊक नाही म्हटल्यावर तिचं अंग तयारी कसली करणार, आणि चाहूल तरी काय वाचणार?

आणि गोल व्हायला लागले! कात्यायनीनं पाठोपाठ चार सामने मारले. कठडा भरला, शेंगावाल्यांचे बरे दिवस आले. नंदूला तर सुटल्यासारखं वाटत होतं. पास दिला तर तराजूनं दिला, नाही दिला तर तराजूनं नाही दिला. पेठेनं विचारलं तर बोट कानाकडं दाखवायचं. गेल्या वर्षीचं ते ओझं कुणीतरी तिच्या डोक्यावरून अलगद उतरवून घेतलं होतं, आणि खरं सांगायचं तर ती त्या मुगाएवढ्या यंत्राच्या पायाच पडायची बाकी होती.

उपांत्य सामन्यात नंदूच्या पासावर अल्फीनं गोल केला आणि कात्यायनी अंतिम फेरीत गेली. संध्याकाळी सगळ्या पोरी चिंचणीकर सरांना घेऊन दूध कट्ट्यावर जमल्या. म्हैस समोर उभी, धार समोर काढलेली, ग्लासाच्या वर दोन बोटं फेस. या संघाची एक रीत होती. गोल करणारीनं पहिला ग्लास स्वतः प्यायचा नाही, पास देणारीच्या तोंडाला लावायचा.

अल्फीनं ग्लास घेतला. नंदूनं ओठांवरून जीभ फिरवली. अल्फी तिच्यापर्यंत आली, क्षणभर थांबली, आणि तशीच पुढं जाऊन तिनं तो ग्लास चिंचणीकर सरांच्या समोर, तराजूच्या पेटीपुढं ठेवला.

“घ्या सर. तुमच्या पेटीनं दिलाय पास.”

पोरी हसल्या. सरही हसले, आणि मग कुणीच हसेना.

नंदू तिच्या मागं रस्त्यापर्यंत गेली. “काय गं हे? मीच दिला की पास.”

“तुला द्यायचा होता?”

नंदूला खरंच माहीत नव्हतं. कानात बारीक वाजलं होतं आणि पाय गेला होता.

“बघ,” अल्फी म्हणाली, “गेल्या साली तू दिला न्हाईस. मला लई लागलं. रडलो मी घरी जाऊन.” कोल्हापूरच्या पोरी ‘रडले’ म्हणत नाहीत, ‘रडलो’ म्हणतात, आणि अल्फी तर रडले-रडलो दोन्ही कबूल करणाऱ्यातली नव्हती. “पर ते तुझं होतं. तू केलेलं. त्याचा मला राग तरी धरता येत होता. आता देतीस ते कुणाचं हाय? फायनल झाली की मी बूट ठेवतो, नंदे. तुझ्यासंगं पुन्हा खेळायचं न्हाई मला.”

चौदा वर्षांची मैत्री अशी रस्त्याच्या कडेला, रिक्षांच्या गर्दीत संपते की काय? स्पर्धेचा कप हातातून जाईल याची भीतीही नंदूला कधी एवढी वाटली नव्हती.

अंतिम सामना रविवारी होता. शुक्रवारी चिंचणीकर सर सरावाला आले ते घामाघूम होऊन. “नंदू, माझ्याकडून एक गाढवपणा झालाय.”

तराजू बनवण्याआधी चाहूल कशी वाचते ते पाहायला सरांनी संघाच्या जुन्या सरावाच्या चित्रफिती चाहुलीला दाखवल्या होत्या. तेव्हा तेवीस ठिकाणी चाहूल गप्प बसली होती, ना एक थरथर, ना दोन. कॅमेऱ्याची चूक समजून सरांनी त्या नोंदी टाकून दिल्या होत्या. काल सहज उघडून पाहिल्या, तर तेवीसच्या तेवीस वेळा चेंडू नंदूपाशी आणि पुढं अल्फी. सगळ्या नोंदी दोघींच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या, त्या उपांत्य सामन्याच्या आधीच्या.

“म्हंजे काय सर?”

“चाहूल एका वेळी एक शरीर वाचते. या तेवीस वेळा तुझं अंग दोन्हीला तयार होतं, कारण तू काही ठरवलंच नव्हतंस. तू अल्फियाच्या पावलाकडं बघत होतीस. ती निघाली तर पास, नाही तर पळ. आणि ती निघायचं की नाही ते तुझ्याकडं बघून ठरवत होती.”

“तिचं पाऊल तर कॅमेऱ्याला दिसंल की.”

“दिसेल. तिच्यावरच्या मुलीला खबरही जाईल. पण तुझ्यावरच्या मुलीला काही कळणार नाही, आणि कळेपर्यंत चेंडू गेलेला असेल.” सरांनी चष्मा काढून पुसला. “निर्णय तुझ्यात नव्हता, तिच्यातही नव्हता. दोघींच्या मध्ये होता. तिथं कॅमेऱ्याचा खांब रोवायला जागा नाही गं.”

नंदू तशीच मळक्या बुटांनी अल्फीच्या दारात गेली. अल्फीनं सगळं ऐकून घेतलं. आतून तिच्या अम्मीनं चहा पाठवला, तोही दोघींच्या हातात गार झाला.

“समज मी निघालो,” अल्फी म्हणाली, “आनि कठडा ओरडला. तू दिला न्हाईस. मग पुन्हा साऱ्या गावासमोर मोकळ्या जागेत हात वर करून उभं ऱ्हाऊ?”

“देईन मी.”

“हे तू आता म्हनतीस.”

विश्वास उधार मागून मिळत नसतो, हे नंदूला त्या दारात उभं राहून पुरतं कळलं.

रविवारी समोर सांगलीचं कृष्णाकाठ कॉलेज होतं. सांगलीच्या पोरी हुशार. त्यांनी मनगटावरच्या पट्टीकडं लक्षच दिलं नाही. त्यांनी एवढंच हेरलं होतं की कात्यायनीची प्रत्येक पोर चेंडू पायाला लागल्यावर क्षणभर थांबते, कानातल्या आवाजाची वाट बघत. पळणार की पास देणार, हे ओळखायची गरजच काय? ती ऐकत असते तेव्हाच जाऊन चेंडू काढून घ्यायचा! पूर्वार्धात त्यांनी नऊ वेळा तसा काढून घेतला आणि एक गोल चढवला. दुसऱ्याचं ऐकून वागणाऱ्याला तेवढा उशीर होतोच, त्याला तराजू तरी काय करणार?

मध्यंतरात नंदूनं कानातलं यंत्र काढून आप्पांच्या तळहातावर ठेवलं.

“अगं, काय करायलीस?” आप्पा दचकले. “सर, सांगा की हिला.”

“माझं गणित सांगतं की यंत्र कानात असावं,” चिंचणीकर सर म्हणाले. मग खाली बघत पुढं म्हणाले, “पण त्या तेवीस नोंदी फेकून देणारंही तेच गणित.”

बाकीच्या पोरींनीही एकेक करत आपापलं यंत्र काढलं. अल्फीनं सर्वांत शेवटी काढलं आणि नंदूकडं न बघता मैदानात गेली.

खेळ सुरू झाला. आता कात्यायनीच्या पोरी आवाजासाठी थांबेनात, म्हणून सांगलीच्या पोरी पुन्हा पट्टीकडं बघू लागल्या. चेंडू नंदूकडं आला. अल्फी जागची हलली नाही. नंदूनं तरीही पास दिला, अल्फी निघाली असती तर जिथं पोचली असती तिथं. तिथं कुणीच नव्हतं. सांगलीच्या मुलीनं आरामात चेंडू उचलला. कठड्यावर हशा पिकला.

दुसऱ्यांदाही तेच. हशा थांबला आणि शिव्या सुरू झाल्या. “पळव की, नंदे! पाय मोडलाय व्हय?” यात तिच्या सख्ख्या चुलत्याचा आवाज तिला स्वच्छ ओळखू आला. कान तापले, डोळ्यांत पाणी आलं. तिसऱ्यांदा चेंडू आला तेव्हा समोर पळायला खरोखरच वाट होती. तिनं ती वाट बघितली आणि पुन्हा त्याच रिकाम्या जागी पास दिला. आप्पांनी टोपी जमिनीवर आपटली.

परत येताना अल्फी तिच्या अंगावरून गेली. “येडी हायस काय? मी निघालोच न्हाई तर कुठं देतीस?”

“तू निघशील तिथं.”

“लोक थुंकायलेत तुझ्यावर.”

“थुंकू देत.”

अल्फीनं बऱ्याच दिवसांनी तिच्याकडं सरळ बघितलं.

चौथ्यांदा चेंडू आला तेव्हा नंदूनं काहीच ठरवलं नाही. पेठ ओरडत होती, ते तिला ऐकू येत होतं आणि येतही नव्हतं. तिनं फक्त अल्फीच्या पायांकडं बघितलं. अल्फीचा डावा पाय हलला. त्याच क्षणी चेंडू नंदूच्या पायातून सुटला होता. तिच्यावरची सांगलीची मुलगी पट्टी थरथरायची वाट बघत मनगटाकडं पाहत राहिली. अल्फीनं चेंडू थांबवायचे कष्टही घेतले नाहीत, आला तसाच जाळ्यात घातला. एक-एक!

कठडा वेडा झाला. अल्फी धावत आली नाही, तिनं नंदूला मिठीही मारली नाही. मधल्या वर्तुळाकडं परतताना तिनं नुसतं विचारलं, “तुला द्यायचा होता?”

“व्हय,” नंदू म्हणाली. या वेळी तिला माहीत होतं.

सामना संपायला दोन मिनिटं राहिली. नंदूनं सांगलीच्या मुलीच्या पायातून चेंडू काढून घेतला आणि पुढं बघितलं. अल्फीवर आता दोघी लागल्या होत्या. आणि अल्फी निघाली, पण गोलाकडं नाही. ती उलट्या बाजूला, कोपऱ्याच्या झेंड्याकडं जीव खाऊन पळत सुटली, हात वर करून, “दे, दे, नंदे!” असं ओरडत. त्या दोघीही तिच्यामागं ओढल्या गेल्या. गोलासमोर अंगणाएवढी जागा मोकळी झाली.

तो हात पास मागत नव्हता. ती हूल होती. जिला वर्षभर पळण्याबद्दल माफ केलं नव्हतं, तिलाच अल्फी सांगत होती की आता तू पळ. हे लक्षात आलं तेव्हा नंदूचा ऊर असा भरून आला की पहिली चार पावलं तिला नीट दिसलीही नाहीत. मग ती पळाली. तिच्यावरची मुलगी मनगट आणि अल्फी यांच्यात अडकून मागंच राहिली होती. गोलकीपर पुढं आली, नंदूनं तिला उजवीकडून गुंगारा दिला आणि चेंडू रिकाम्या जाळ्यात सरकवला.

शिटी वाजल्यावर पेठ कठड्यावरून मैदानात उतरली. चुलत्यानं तिला खांद्यावर घ्यायला हात पुढं केले, पण नंदू त्याला चुकवून नोंदणीच्या टेबलाकडं गेली. तिथले गृहस्थ पडद्यावर सामन्याचा तक्ता पुरा करत होते. दुसरा गोल, राजनंदिनी साळोखे. पास कुणाचा, तो रकाना रिकामा.

“तिथं अल्फिया मुजावर लिवा,” नंदू म्हणाली.

“अहो ताई, त्यांच्या पायाला चेंडू लागलाच नाही. यंत्र नाव घेत नाही.” त्यांनी खरोखरच टाकून दाखवलं. नाव उमटलं आणि पुसलं गेलं.

“मी सांगतो न्हवं, पास तिचाच हाय.”

अल्फी मागं येऊन उभी राहिली होती. धापा टाकत होती, आणि नाक ओढत होती ते धापांमुळं नव्हतं. “लिवा की वो,” ती म्हणाली, “मी दिलाय.”

गृहस्थांनी एकदा पडद्याकडं बघितलं, एकदा या दोघींकडं. मग तक्ता कागदावर छापून घेतला, शेजाऱ्याकडून पेन मागितलं आणि त्या रकान्यात हातानं नाव लिहिलं.